चिकटवलेला आकाशपाळणा

माझ्या मुलीच्या ब्लॉक्सवर दातांच्या खुणा आहेत. दोन पातळ ठोकळे एकमेकांवर घट्ट बसले की ते नखानं सुटत नाहीत, मग ती ते दाढेखाली धरते. सोडवायची एक चपटी पट्टी डब्यासोबतच मिळते, पण ती शोधायला उठावं लागतं आणि दात कायम जवळ असतात. अमरावतीच्या आमच्या घरात केर काढताना आठवड्याला दोन-तीन ठोकळे तरी निघतात. मी ते उजेडात धरून बघते. वरचा दात कुठे टेकला, खालचा कुठे, सगळं नीट कळतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंना मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, पट्टी शोधून ठेवा.

मुलगी अकरा वर्षांची आहे. तिनं केलेलं काहीही घरात टिकत नाही. सोमवारची क्रेन बुधवारी पूल होते आणि रविवारी त्या पुलाचं आणखीच काहीतरी. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे एका वस्तूचे तुकडे करून त्यातून दुसरी वस्तू करायला माझी तत्त्वतः हरकत नाही. पण एखादी गोष्ट फार छान जमली तर दोन दिवस ठेव, पाहुण्यांना दाखवू, असं मी म्हणते आणि ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघते. "पाहून झालं ना तुह्यं," ती म्हणते. "आता त्याचे तुकडे पायजेत मले."

माझे बाबा नेमके उलटे. अकोल्यात त्यांनी चाळीस वर्षं दिवाणी वकिली केली आणि त्या चाळीस वर्षांत एक कागद हरवला नाही, हे ते स्वतःच सांगतात. घरात पुढच्या खोलीत काचेचं शोकेस आहे. त्यात एकदा गेलेली वस्तू परत बाहेर येत नाही. माझी वक्तृत्वाची ढाल, भावाला बक्षीस मिळालेला पेनांचा सेट खोक्यासकट, आणि एक चहाचा सेट ज्यातून आजवर कोणी चहा प्यालेलं नाही. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिकसुद्धा त्यांनी काढू दिलेलं नाही. रिमोट दोनदा बदलला, प्लॅस्टिक तेच आहे.

असे हे दोघे, आणि तरी त्यांचं मेतकूट. तीन वर्षांपूर्वी ती आठ वर्षांची असताना उन्हाळ्याची सगळी सुटी अकोल्याला होती. माझ्या भावानं बेंगळुरूहून तिच्यासाठी ब्लॉक्सचा एक मोठा डबा पाठवला होता. आकाशपाळण्याचा. माणसं बसायचे बारा छोटे डबे असलेला, दातेरी चाकांचा, दांडा फिरवला की खरोखर फिरणारा. बाहेर अकोल्याचं ऊन, आत कूलर, आणि दिवाणखान्याच्या फरशीवर सतरंजी टाकून हे दोघे. तिला घाई, त्यांना शिस्त. ते पुस्तिकेतल्या चित्रावर बोट ठेवून तुकडा शोधून देत, ती बसवत असे. चुकीचा बसला तर काढायला त्यांनी उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलं होतं, कारण दात लावलेलं त्यांना खपायचं नाही.

आणि ते रोजनामा लिहीत. कोर्टात प्रत्येक दाव्याचा रोजनामा असतो. त्या तारखेला काय झालं, कोण हजर होतं, पुढे काय करायचं, हे दोन ओळींत लिहून ठेवतात. बाबांनी पाळण्याचा रोजनामा पुस्तिकेच्याच कडेला पेन्सिलीनं लिहिला. "काळे चाक राखाडी दांडीत बसविले. हजर: दोघे." "आज काम तहकूब. कारण: आंबे." "आजी यांनी सतरंजी झटकल्याने दोन तुकडे गहाळ. शोध चालू." मी तिला न्यायला गेले तेव्हा मला सगळी पुस्तिका वाचून दाखवण्यात आली. त्यांचं अक्षर म्हणजे शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायला बोलवावं असं.

माझ्यासोबत बाबा कधी फरशीवर बसले नव्हते. मला त्या दोघांचा हेवा वाटला, हे मी आत्ता सांगून टाकते. सुटी संपली, ती अमरावतीला आली आणि पाळणा अर्थातच शोकेसमध्ये गेला. तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघांचा फोन चालतो. तिनं दिवसभरात काय केलं आणि काय मोडलं ते सांगायचं, आणि त्यांनी हरकती घ्यायच्या.

या दिवाळीत आम्ही शेंदूरजनाघाटला गेलो होतो. माझ्या सासरच्यांची तिथे संत्र्याची बाग आहे. तिथे जवळच्या एका शेडमध्ये तिनं संत्री निवडायचं यंत्र पाहिलं. दोन लांब रूळ शेजारी शेजारी फिरतात, त्यांच्यातली फट पुढे पुढे रुंद होत जाते. लहान फळ आधी पडतं, मोठं शेवटपर्यंत जातं. ती तिथे अख्खी दुपार उभी होती. जेवायला दोनदा बोलावलं तरी आली नाही. घरी आल्यावर तिनं ठरवलं की असं यंत्र बोरांसाठी करायचं. रूळ जमले, चौकट जमली. अडलं ते तीन मोठ्या काळ्या दातेरी चाकांपाशी. तशी चाकं तिच्याकडे नव्हती. ती होती बाबांच्या, म्हणजे तिच्या आबांच्या, पाळण्याच्या पोटात.

तिनं त्याच संध्याकाळी फोनवर मागितली. "आबा, थो पाळना तोडाचा हाये."

"पाहू नं," बाबा म्हणाले. "घाई काय हाये?"

पुढच्या आठवड्यात म्हणाले, थंडी कमी होऊ दे. मग म्हणाले, कपाटाची चावी सापडत नाही. मग नुसतंच, पुढच्या वेळी. दीड महिना असा गेला. मला वाटलं, आली यांची शोकेसची खोड आडवी. पण मुलीनं दुसराच अर्थ लावला. "आबा कावून देऊन नाही राहिले?" तिनं मला विचारलं. "त्यायले माहा राग आला काय?" मी नाही म्हटलं. तिला पटलं नाही. हळूहळू संध्याकाळी फोन वाजला की तिला नेमका अभ्यास आठवायला लागला. बाबा मला विचारत, कुठं हाये ती? मी सांगत असे, अभ्यास करते आहे. आणि पलीकडे बाबा गप्प होत.

त्या गप्प होण्याची मला भीती वाटायला लागली. दोघेही हट्टी. अशी माणसं एकदा बोलायची थांबली की कोणी सुरुवात करायची यावर वर्षं जातात. आमच्या घराण्यात तशी उदाहरणं आहेत. एका प्लॅस्टिकच्या पाळण्यापायी हे होऊ द्यायचं नाही असं ठरवून मी जानेवारीतल्या एका शनिवारी मुलीला घेऊन बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडली. तिच्या पिशवीत किलोभर बोरं होती आणि तुकडे ठेवायला चार रिकामे डबे. मूर्तिजापूरपर्यंत अर्धी बोरं खाऊन झाली होती.

घरी पोचलो तेव्हा बाबा झोपाळ्यावर बसले होते, अंगात कुडता. शर्ट-पँटशिवाय दार न उघडणारा माणूस गेली एक-दोन वर्षं कुडतेच घालायला लागला होता. आई म्हणे, सवय लागली. चहा आला. बाबांना अर्धाच कप. तीही त्यांची नवी सवय, आणि मी नेहमीसारखी त्यावरून चिडवलं की वकिलीतली कंजुषी आता चहातही आली. ते हसले. मुलगी हसली नाही. ती थेट शोकेसपुढे जाऊन उभी राहिली.

"चावी सापडून नाही राहिली," बाबा म्हणाले.

"घड्याळामागं हाये," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "रोजच्याच जागी."

मीच चावी काढली, काच सरकवली आणि पाळणा उचलून मधल्या टेबलावर ठेवला. तीन वर्षांत त्याच्यावर धुळीचा कण नव्हता. मुलीनं दांडा धरून फिरवला. फिरला नाही. तिनं जोर लावला, तर चाकाऐवजी अख्खा पाळणाच टेबलावर सरकला.

"अटकला," ती म्हणाली.

"अटकला नाही," बाबा म्हणाले. "चिकटवला मी."

"काय चिकटवला?"

"सगळाच."

मला वाटलं ते गंमत करताहेत. मी वाकून बघितलं. प्रत्येक सांध्यातून गोंद बाहेर आलेला होता. छोट्या ट्यूबमध्ये मिळतो तो, क्षणात चिकटणारा. कुठे पांढरा थर, कुठे ओघळ, आणि एका पिवळ्या डब्यावर तर अख्ख्या बोटाचा ठसा वाळलेला. "पडू नये म्हनून," बाबा म्हणाले. आणि मग माझं डोकं फिरलं. फिरणारी वस्तू कोणी चिकटवतं का, पोरीचं खेळणं होतं ते, तुम्हाला शोकेसची हौस, दीड महिना तिला झुलवत ठेवलं, असं सगळं मी एका दमात बोलून घेतलं. त्यांनी एकाही मुद्द्याला उत्तर दिलं नाही. वकील माणूस, आणि माझी एकही चूक काढली नाही. तेव्हाच मला काहीतरी खटकायला हवं होतं.

मुलगी मात्र रडली नाही, रागावलीही नाही. मला त्याचं अजून नवल वाटतं. तिनं पाळणा उलटा केला, आडवा केला, एका सांध्याला नाक लावून वास घेतला. तिला आता चाकांपेक्षा गोंदात रस होता. "हे सुटते कशानं?" तिनं मला विचारलं. "तुले तं येत असन."

मला येत होतं, म्हणजे अर्धं येत होतं. हा गोंद विरघळवायला अॅसिटोन लागतं, आणि ते नखांचा रंग काढायच्या बाटलीत असतं. आईकडे अशी बाटली असण्याचा संभव नव्हता, पण माझ्या पर्समध्ये एका चुलत नणंदेच्या लग्नातली होती. मी मोठ्या ऐटीत कापसाचा बोळा भिजवून पिवळ्या डब्याच्या कोपऱ्यावर दाबला. मिनिटाभरानं उचलला तर गोंद जिथल्या तिथे आणि खालच्या प्लॅस्टिकची चकाकी गेलेली. बोटाला चिकट लागत होतं. अॅसिटोननं हे प्लॅस्टिकही विरघळतं, हे मला बोळा दाबायच्या आधी आठवायला हवं होतं.

"तू पोरायले हेच शिकवतं काय?" मुलगी म्हणाली. त्या सकाळी बाबा पहिल्यांदा मोकळेपणानं हसले.

मग आम्ही दुसरा विचार केला. गोंद कडक आहे, पण ठिसूळही असणार. थंडीनं तो आणखी ठिसूळ होईल. पाळण्यातला एक डबा चौकटीपासून वाकवून वाकवून तोडला आणि आईच्या फ्रीझरमध्ये, सोललेल्या तुरीच्या दाण्यांशेजारी ठेवला. तासाभरानं काढून, फडक्यात गुंडाळून, मुलीनं त्यावर लाटण्याची मूठ हलकेच हाणली. फडकं उघडलं तर तीन ठोकळे सुटे. एकाचा कोपरा गेलेला, दोन धड. सांध्यात पांढरी खपली राहिली होती. ती नखानं निघत होती. मुलीनं ती खपली तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघितली.

"मंग जमते," ती म्हणाली. "पन उलट्या क्रमानं कराचं. शेवटचं आधी. आबा, पुस्तक द्या."

"कोठी ठेवलं काय माहीत," बाबा म्हणाले. "हरवलं असन."

मी त्यांच्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत एक कागद न हरवलेला माणूस झोपाळ्याच्या कडीकडे बघत होता. आई दारात उभी होती. ती आत गेली आणि बाबांच्या टेबलाच्या खणातून दोऱ्यानं बांधलेली फाइल घेऊन आली. फाइल तिनं त्यांच्या हातात दिली नाही, पोरीच्या हातात दिली.

मुलीनं त्यातली पुस्तिका शेवटून उघडली. शेवटच्या पानावर पूर्ण पाळण्याचं चित्र होतं, आणि त्याखाली तो रोजनामा. तिनं तो मोठ्यानं वाचला. "पाळणा पूर्ण. फिरवून पाहिला. दाव्याचा निकाल लागला. हजर: दोघे." हे मला ठाऊक होतं. पण ती थांबली नाही. पुस्तिका डोळ्यांजवळ नेऊन ती पुढे वाचू लागली.

"सहावा डबा पुसताना पडला. बसवून पाहिला. बसत नाही."

"आजही बसत नाही."

"आज नाही."

"आज नाही."

"चिकटविला. बाकीचेही चिकटविले."

मी पुस्तिका तिच्या हातातून घेतली. वरच्या ओळीचं अक्षर ते फळ्यावरचं. खालच्या ओळी त्याच माणसाच्या होत्या, पण अक्षर बारीक होत गेलेलं, इतकं बारीक की शेवटची ओळ मुंग्यांची रांग वाटावी. मी ते पान धरून उभी राहिले आणि एकेक गोष्ट मागून येऊन मला भेटायला लागली. अर्धा कप चहा. कुडता, ज्याला दोनच बटणं असतात. सामानाची यादी लिहून धाडणारे बाबा मोबाइलवर आवाजातला निरोप धाडायला लागले तेव्हा मी भावाला सांगितलं होतं, बघ, बाबा आधुनिक झाले. त्यांच्या अंगठ्याचं वाढवलेलं नख केव्हाच कापलेलं होतं, आणि ते कापणारी आई असावी हे मला आत्ता सुचत होतं. मी प्रयोगशाळेत पोरांना सांगते की आधी नीट बघा, मग निष्कर्ष काढा. तीन वर्षं मी दर महिन्या-दोन महिन्यांनी या घरात येत होते, चहा पीत होते, चिडवत होते. मला स्वतःचा इतका राग आला की थोड्या वेळापूर्वी बोललेलं एकेक वाक्य परत गिळावंसं वाटलं.

मुलीनं सरळ विचारलं.

"आबा, तवा तुमच्यानं बसवल्या नाही गेला काय? हात हालते काय तुमचा?"

आई म्हणाली, "अगं." बाबांनी तिला हातानंच थांबवलं. मग तो हात त्यांनी टेबलावर सगळ्यांसमोर ठेवला.

"हालत नाही, माय. ऐकत नाही. बोटाले सांगतो दाब, तं थे इचार करत बसते."

तिनं त्यांचं बोट धरून वाकवून बघितलं, पाळण्याचा सांधा बघितला होता तसंच. "मंग मले कावून नाही सांगतलं?"

"तू आठ वर्षाची होती."

"आता अकराची हाये," ती म्हणाली.

मी आईला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "एका ताटात बसतो आमी, मले माहीत नसन काय? सांगा म्हटलं पोरीले, तं नाही म्हनत. मी म्हटलं, हात तुमचा, तुमीच सांगा." आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. मी बाबांना म्हटलं की सोमवारी मी रजा टाकते, तुम्ही दोघं आमच्यासोबत अमरावतीला यायचं, डॉक्टरांना दाखवायचं. ते नाही म्हणतील म्हणून मी पुढचं भांडण तयारच ठेवलं होतं. ते हो म्हणाले.

मग पाळणा सोडवणं सुरू झालं. त्याला शनिवारची दुपार आणि रविवारची सकाळ लागली. सतरंजी पुन्हा फरशीवर आली. बाबांना खाली बसवेना, म्हणून ते खुर्चीत, मांडीवर पुस्तिका. ते मागून पुढे पानं उलटत सांगत, आता लाल पट्ट्या, आता कठडा. मुलगी तुकडे फ्रीझरमध्ये नेई, आणी, हाणी. माझ्याकडे खपल्या खरवडायचं काम होतं. तीन थाळ्या मांडल्या होत्या, एकीत धड तुकडे, दुसरीत कोपरा गेलेले, आणि तिसरीत जे कशानंच सुटले नाहीत ते गठ्ठे. गठ्ठेही मुलीनं फेकू दिले नाहीत. मजबूत आहेत, पायाला लागतील, म्हणाली. मधूनच एखादं पान आलं की काम थांबवून रोजनामा वाचला जाई, आणि आंब्यांची तहकुबी, आजीचं सतरंजी झटकणं, सगळं उलटीकडून परत घडे. गोंद कुठे शिरला आणि कुठे नाही हेही दिसत गेलं. त्यांनी तो जोडलेल्या पाळण्यावर बाहेरून सोडला होता, त्यामुळे बाहेरचे सांधे दगड झालेले, आणि जसजसं आत जावं तसतसा तो कमी होत होता.

रविवारी दहाच्या सुमारास आम्ही पाळण्याच्या पोटापर्यंत पोचलो. तिथली चौकट उघडली आणि आतली तीनही काळी चाकं कोरडी होती. गोंदाचा थेंबही नाही. दोन चाकं सहज निघाली. तिसरं राहिलं, राखाडी दांडीत बसवलेलं. पुस्तिकेत आता पहिलंच पान उरलं होतं. "काळे चाक राखाडी दांडीत बसविले. हजर: दोघे."

"हे तुमी काढा," मुलगी म्हणाली आणि तिनं ते त्यांच्या हातात दिलं.

बाबांनी दोन हातांत धरून ओढलं. टक् आवाज झाला आणि चाक निघालं. काढणं त्यांना जमत होतं. त्यांनी चाक एका हातात, दांडी दुसऱ्या हातात धरून थोडा वेळ बघितली, आणि मग कोणी न सांगता ती परत बसवायला घेतली. दांडीचं टोक चाकाच्या भोकापाशी गेलं आणि बाजूला घसरलं. पुन्हा गेलं, पुन्हा घसरलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. माझा हात आपोआप पुढे झाला. मुलीनं माझं मनगट धरलं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, तिची नजर दांडीच्या टोकावर होती. चौथ्या खेपेला टोक भोकात गेलं आणि बाबांनी चाक छातीशी टेकवून दाबलं. टक्.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलीनं ते त्यांच्या हातातून घेतलं, सुटं केलं आणि दोन्ही तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. "परत," ती म्हणाली.

निघताना तिनं डबे भरले. दोन चाकं घेतली. तिसरं, राखाडी दांडीसकट, तिनं पुस्तिकेसोबत आबांच्या पिशवीत टाकलं. मी म्हटलं, अगं, तुला तीन हवी होती ना, याच्यासाठीच तर आलो आपण. ती म्हणाली, "दोनात भागवतो मी."

ते दोनात भागत नाही. मधलं चाक नसल्यामुळे दोन रूळ एकमेकांना फिरवत नाहीत, म्हणून एक रूळ ती फिरवते आणि दुसरा मला फिरवावा लागतो. माझा वेग कमी पडला की बोरं अडकतात आणि मला बोलणी बसतात. तरी बोरं निवडली जातात, लहान आधी पडतात आणि मोठी शेवटपर्यंत जातात. डॉक्टरांनी बाबांच्या आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि बोटांना काम देत राहा म्हणाले. कधी ऐकतील, कधी नाही, हेही सांगितलं. आईबाबा आठवडाभर राहून अकोल्याला परत गेले. त्यांना आता पूर्ण कप चहा मिळतो, बशीत सांडतो, आणि ते बशीतला पितात.

संध्याकाळचा फोन आता तीच उचलते. यंत्राचं सांगून झालं की विचारते, आबा, आज चाक किती वेळा बसलं? ते सांगतात, सात, किंवा अकरा, आणि ती कागदावर टिपते. परवा मी शेजारी बसून पेपर तपासत होते. तिनं विचारलं आणि पलीकडून लगेच उत्तर आलं नाही. मी लाल पेन खाली ठेवलं.

"आज नाही बसलं, माय," बाबा म्हणाले.

"रोजनाम्यात लिवलं काय?"

"अजून नाही. आधी तुले सांगतलं."